मास्तरांच्या मापाचे दोन किलोमीटर

पत्रं वाटायला पळता यावं लागतं, हे मला बायकोच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी सव्वीस वर्षं ती पत्रंच वाटत होती आणि एकदाही पळाली नव्हती. पळायचं कारणच काय? पत्र काही हातातून निसटून जात नाही, आणि दारंही बिचारी जागच्या जागी असतात.

आमची ही टपालवाली. टेकडीवरची बीट तिची. चारशे बारा दारं, तीनशेच्या वर पायऱ्या, आणि खांद्याला थैली. सकाळी साडेआठला निघायची ती दोनला परत. मी शिंपी. घराखालीच माझं दुकान, दिवसभर मान खाली आणि पाय मशीनवर. त्यामुळे जगात काय चाललंय ते मला हिच्याकडूनच कळायचं. जेवायला बसली की सुरू व्हायची. पिवळ्या दाराच्या आजींनी नवे दात बसवलेत आणि आता त्या उगाचच हसतात. दोन भावांनी एकाच घराला दोन पत्रपेट्या लावल्यात, आणि एकमेकांची पत्रं चुकून आली तर हिच्याच हाती परत पाठवतात. कोपऱ्यावरच्या कुत्र्याने नव्या डॉक्टरची पँट फाडली. "उद्या येईल बघा तुमच्याकडे," असं म्हणायची, आणि डॉक्टर खरंच पँट घेऊन यायचा.

मागच्या वर्षी तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. सात महिने अंथरूण. त्या सात महिन्यांबद्दल मी काही सांगणार नाही, वैऱ्यावरही तशी वेळ येऊ नये. बरी झाली आणि कामावर गेली, तर साहेबांनी तिला खिडकीवर बसवलं. तात्पुरतं, म्हणाले. तिकिटं विकायची, पावत्या फाडायच्या, शिक्के मारायचे.

"आज काय विशेष?" मी जेवताना विचारायचो.

"काही नाही. तिकिटं विकली."

बस्स. एवढंच. मग नुसता चमच्यांचा आवाज. माणूस आजारातून उठलं होतं, पण घरात बोलणारं कोणी राहिलं नव्हतं. मला वाटायचं दवाखान्यातून कुणा दुसऱ्याच बाईला घरी घेऊन आलो की काय.

तिला बीट परत हवी होती. तिने तसा अर्ज केला, आणि तिच्या ऑफिसातून कागद आला. सहा महिन्यांहून जास्त रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याला बाहेरचं काम परत हवं असेल, तर त्याने दोन किलोमीटर अंतर अठरा मिनिटांत पळून दाखवावं. संधी एकदाच. न जमल्यास, किंवा चाचणीला यायचं नसेल तर सोबतच्या फॉर्मवर सही करून, कायम खिडकी. चाचणीला चौदा आठवडे होते.

माझं डोकंच फिरलं. "अठरा मिनिटांत? कुठे आग लागलीय का? टपाल खातं आहे की अग्निशामक दल?" मी तो कागद कात्रीने कापायलाच निघालो होतो. हिने तो माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाली, "ओरडून काय होणार? पळायला शिकायला पाहिजे."

चोपन्न वर्षांची बाई. आयुष्यात कधी बससाठीसुद्धा पळाली नव्हती. एक गेली तर दुसरी येते, हे तिचं तत्त्व. शेजारचा न्हावी, ज्याला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय वस्तरा धरता येत नाही, तो दारात येऊन म्हणाला, "काय मास्तर, आता वहिनी कुत्र्याच्या मागे लागणार म्हणे?" मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची लेक दुसऱ्या गावी असते, तिने फोनवरून बेत आखून दिला. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. असं आठ वेळा. आणि पळताना तोंडाने बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं बंद झालं तर वेग जास्त झाला असं समजायचं. "बाबा, तुम्ही सोबत जा आणि घड्याळ बघा," ती म्हणाली. "आणि हो, चिडचिड करू नका."

पाण्याच्या टाकीमागे एक मैदान आहे. कडेने मातीची पायवाट, अधूनमधून दिव्याचे खांब, एक बाक. पहाटे सहाला आम्ही दोघं तिथे. हिच्या पायात कामाचे जुने बूट, अंगात मी शिवलेली इलॅस्टिकची पँट. मी बाकावर घड्याळ घेऊन बसलो आणि म्हणालो, "हं, पळ."

ती पळाली. म्हणजे पळणं म्हणायचं ते आपलं म्हणायला. एका हाताने पोट धरलेलं, दुसरा हात खांद्याजवळ थैलीचा पट्टा धरल्यासारखा, थैली नसताना. तिसऱ्या खांबापाशी थांबली, खांबाला मिठी मारली आणि तशीच उभी राहिली. मी धावतपळत जायला हवं होतं, पण माझेही गुडघे जुनेच. चालतच गेलो. मला म्हणाली, "एक मिनिट झालं का?"

बेचाळीस सेकंद झाले होते. मी म्हणालो, "झालं."

"खोटं बोलताय."

"अठरा सेकंद कमी आहेत."

"मग ते पुन्हा," ती म्हणाली आणि खांब सोडून निघाली.

मी तिथेच उभा राहिलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ही बाई इतकी चिवट आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण तो चिवटपणा नेहमी माझ्याविरुद्धच वापरलेला पाहिला होता.

बोलत पळायचं म्हटल्यावर बोलायचं काय, हा प्रश्न होता. एकटी बडबडत पळणारी बाई लोक काय समजतील? तिने उपाय काढला. ती बीटवरची दारं म्हणत पळायची, क्रमाने. एक, लोहार. दोन, कुलूपबंद. तीन, जुळ्यांची आई. चार, वाकडी कडी. पहिल्या दिवशी अकराव्या दाराशी दम संपला. आठवड्याने तिसाव्या. मी बाकावर बसून ऐकायचो. महिन्याभरात ती सलग आठ मिनिटं पळायला लागली आणि शंभर दारं ओलांडून पलीकडे गेली. एकदा मध्येच थांबली आणि कपाळाला हात लावला. मी घाबरून उठलो. "काय गं, चक्कर आली?" तर म्हणते, "नाही हो, सत्याण्णव नंबर विसरले. बघा, घरं पण विसरायला लागले मी." आणि तिचे डोळे भरून आले. सत्याण्णव नंबर म्हणजे बासरी शिकवणारे गुरुजी, हे मीच सांगितलं. इतकी वर्षं जेवताना ऐकलेलं, मलाही अर्धी बीट पाठ होती.

आता अंतराचा प्रश्न आला. दोन किलोमीटर म्हणजे त्या मैदानाच्या किती फेऱ्या? लेक म्हणाली, "आईला अंतर मोजणारं घड्याळ पाठवते." मी फोनवरच तिला गप्प केलं. घरात मापाचा माणूस बसलेला असताना माप विकत आणायचं? तीस वर्षं टेप माझ्या गळ्यात आहे. "बाही आखूड झाली" म्हणत एक गिऱ्हाईक कधी दुकानाची पायरी चढलेलं नाही. म्हटलं, मैदान मी मोजणार.

बाजारातून कोरी सुती दोरी आणली. दुकानात बसून टेपने मोजून दहा मीटरची कापली, आणि रविवारी सकाळी शिवणाचा खडू खिशात टाकून निघालो. न्हावी हौसेने दुसरं टोक धरायला आला. दोघं वाकून वाकून पायवाटेने फिरलो. दर दोरीला खडूची रेघ. चाळीस दोऱ्या झाल्या आणि बरोबर बाकापाशी पोचलो. चारशे मीटर! पाच फेऱ्या म्हणजे दोन किलोमीटर, ना कमी ना जास्त. मला इतका आनंद झाला की मी न्हाव्याला चहा पाजला.

सातव्या आठवड्यात तिने पाच फेऱ्या पहिल्यांदा सलग पुऱ्या केल्या. तेवीस मिनिटं. पाचवी फेरी संपवून ती बाकावर धपकन बसली, तोंड लालबुंद, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. दुपारी दुकानात जो येईल त्याला मी सांगत होतो. कुणी बटण लावायला आलं, कुणी पँट आखूड करायला, सगळ्यांना आधी दोन किलोमीटर ऐकावे लागले. एक जण म्हणाला, "मास्तर, तुम्ही पळालात काय?" मी म्हणालो, "एकच आहे."

दहाव्या आठवड्यात वीस मिनिटं चाळीस सेकंद. बाराव्यात साडेएकोणीस. आणि तिथे गाडी रुतली.

साडेएकोणीस. परत साडेएकोणीस. एकोणीस पस्तीस. एक दिवस विश्रांती घेतली, एकोणीस अठ्ठावीस. लेक म्हणेल ते सगळं केलं. एक फेरी जोरात, एक हळू. नवे बूट घेतले. मी सकाळी ओरडून बघितलं, एक दिवस गप्प बसून बघितलं, घड्याळ तेच दाखवायचं. दीड मिनिट म्हणजे ऐकायला काही नाही, चहा उकळेपर्यंत जातं. पण पळणाऱ्याला दीड मिनिट म्हणजे डोंगर, हे मला तेव्हा कळलं.

चाचणी शनिवारी होती. बुधवारी सकाळी पाचवी फेरी संपली, मी घड्याळ दाखवलं, एकोणीस एकतीस. ती बाकावर बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "झालं आता. माझी झेप एवढीच."

"अगं, अजून तीन दिवस आहेत."

"तीन दिवसांत दीड मिनिट कुठून आणू? तुमच्या कपाटातून?" घरी येऊन तिने तो फॉर्म काढला, आणि कायम खिडकीच्या रकान्यासमोर सही केली. शुक्रवारी द्यायचा होता. फॉर्म तिने डब्याखाली ठेवला आणि मला म्हणाली, "तिथे सगळ्या ऑफिससमोर हसं करून घेण्यापेक्षा हे बरं. आणि ती दोरी टाकून द्या, उगाच खुंटीवर लोंबकळतेय."

सव्वीस वर्षांची बीट एका सहीने गेली, आणि मी घड्याळ धरण्यापलीकडे काही करू शकलो नव्हतो.

पण दोरी टाकणं माझ्या रक्तात नाही. गुरुवारी दुपारी दुकानात एका दवाखान्याचे पायजमे आले होते, दहा नग, नाड्या घालायच्या. म्हटलं, दहा मीटर दोरी आहे, मीटरभराची एक अशा दहा नाड्या होतील. टेप घेतली, एकेक मीटर मोजून कापत गेलो. दहा नाड्या झाल्या. आणि हातात अजून दोरी उरली.

मी बघतच राहिलो. उरलेला तुकडा टेपला लावला. नव्वद सेंटिमीटर.

ते नव्वद सेंटिमीटर कुठून आले हे मला त्याच क्षणी कळलं. ते माझेच होते. कोरं सूत पाणी लागलं की आटतं, म्हणून शिंपी मीटरमागे चार बोटं जास्त कापतो. मैदानावर दव असणार, दोरी भिजणार, म्हणून मी दर मीटरला चार बोटं सोडली होती. मग दोन्ही टोकांना गाठ मारायची म्हणून आणखी वीतभर. हे मी ठरवून केलं नव्हतं. हातच करतो. कात्री हातात आली की हात मला विचारत नाही. आणि ती दोरी सुती म्हणून दिलेली, निम्मी नायलॉनची निघाली. कणभरही आटली नाही, आणि गाठी मारायच्या राहूनच गेल्या. न्हाव्याने आणि मी ती ताणून धरून मैदानभर फिरलो.

कापड जास्त झालं तर आत दुमडता येतं. रस्ता कुठे दुमडणार?

दहा मीटरला नव्वद सेंटिमीटर. चाळीस दोऱ्यांना छत्तीस मीटर. पाच फेऱ्यांना एकशे ऐंशी मीटर. माझी बायको गेले सात आठवडे दोन किलोमीटर समजून चांगली अर्ध्या फेरीच्या जवळपास जास्त पळत होती, आणि रोज स्वतःला नालायक म्हणत होती. माझ्यामुळे. मी पाटावर खडूने हिशेब केला, पुसला, परत केला. साडेएकोणीसमधून ते एकशे ऐंशी मीटर वजा केले की सतरा मिनिटं चोपन्न सेकंद उरत होते.

मी तीस वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी दुकान बंद केलं आणि तडक तिच्या ऑफिसात गेलो. खिडकीसमोर रांग होती. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर ती म्हणाली, "अगंबाई, तुम्ही? कितीची तिकिटं?"

"माझं माप चुकलं," मी म्हणालो.

"काय?"

"मैदान खऱ्यापेक्षा लहान मोजलं मी. तू रोज एकशे ऐंशी मीटर जास्त पळतेस. तू पास आहेस. कधीचीच पास आहेस." मागचा माणूस खाकरला. मी त्याला म्हणालो, "थांब रे बाबा, इथे संसाराचा प्रश्न आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हसेल, नाहीतर रडेल, निदान शिव्या तरी देईल. तिने तिकिटांची पट्टी सरळ केली आणि हळू आवाजात म्हणाली, "घरी जा तुम्ही. माझं मन राखायला आता हे नका करू."

तिचा विश्वास बसला नाही! आणि त्याला कारण होतं, तेही मीच. बाळंतपणानंतर तिचं वजन वाढलं, तेव्हा तिचा ऑफिसचा गणवेश मी गुपचूप उसवून सैल केला आणि म्हणालो, "बघ, तोच बसतोय, तू कुठे जाड झालीस?" असं पुढे चार-पाच वेळा केलं. एक दिवस तिने शिवण उलटी करून बघितली आणि जुन्या टाक्यांची भोकं मोजली. तेव्हापासून तिच्या बाबतीत माझ्या टेपला काडीची किंमत नाही.

संध्याकाळी घरी मी दहा नाड्या आणि तो तुकडा तिच्यापुढे टेबलावर मांडला. "मोज."

"दोरी काय, दुसरी पण कापून आणाल तुम्ही."

"चल मैदानावर. आत्ता मोजू."

"तुमच्याच टेपने ना?"

माझा पारा चढला. "अगं, चूक केली म्हणून सांगतोय मी! मी! माझं माप चुकलं हे वाक्य मी जन्मात कधी उच्चारलंय का? नुसतं तुला बरं वाटावं म्हणून मी माझी अब्रू घालवीन, असं वाटतं तुला? ऑफिसात रांगेत उभं राहून?"

ती नाड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही तेही कराल."

ते खरं होतं. मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "हे बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण तो फॉर्म उद्या देऊ नकोस. मला परत तुझ्यासोबत जेवायचंय. गेलं वर्षभर मी एकटाच जेवतोय, तू समोर बसलेली असताना."

हे मी बोलून गेलो आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. ती उठली, डब्याखालचा फॉर्म काढला, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत टाकले. "खरं असेल तर शनिवारी कळेल," म्हणाली. "आणि खोटं असेल तर तुमची गाठ माझ्याशी आहे."

शनिवारी सकाळी खेळाच्या मोठ्या मैदानावर चाचणी होती. तिथली धावपट्टी पांढऱ्या रेघांनी आखलेली, चारशे मीटरची, सरकारी मापाची. पाच फेऱ्या. सहा जण होते, पाच पुरुष आणि आमची ही. सगळ्यांत मोठी हीच. एक जण तर तिच्या लेकीहून लहान असेल, तो जागच्या जागी उड्या मारत होता. ही बुटाची नाडी बांधत होती. मोठे साहेब हातात थांबवायचं घड्याळ आणि कागद घेऊन रेघेपाशी उभे. मला म्हणाले, "नातेवाईकांनी कुंपणाबाहेर थांबायचं." मी कुंपणाला चिकटून उभा राहिलो.

शिटी वाजली. पाचही जण सुसाट निघाले, आणि ही आपल्या चालीने, शेवटी. ओरडावंसं वाटलं, पण लेकीचं ऐकून ओठ चावून धरले. दुसऱ्या फेरीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे ओठ हलत होते. दारं चालू होती! तिसऱ्या फेरीत उड्या मारणारा तो पोटाला हात लावून चालायला लागला, आणि आमची ही त्याच्या बाजूने निघून गेली, बघितलंसुद्धा नाही. चौथ्या फेरीत आणखी एकाला मागे टाकलं. तिचे खांदे खाली होते, हात मोकळे, पाय एका तालात पडत होते. सव्वीस वर्षं चढउतार केलेले ते पाय. मला वाटलं, तिला पळायला आपण शिकवतोय हा आमचा गैरसमज होता. पायांना सगळं येतच होतं.

पाचव्या फेरीचं वळण घेऊन ती सरळ रेघेवर आली. मी माझ्या घड्याळाकडे बघितलं नाही, हिंमतच झाली नाही. तिने पांढरी रेघ ओलांडली आणि साहेबांनी मोठ्याने आकडा वाचला, "सतरा मिनिटं, चव्वेचाळीस सेकंद! पास!"

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. कुंपण हलत होतं एवढं आठवतं.

पण ती थांबली नाही. साहेबांनी हात वर केला, "बाई, झालं! झाल्या पाच फेऱ्या!" तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, हाताने 'थांबा जरा' अशी खूण केली, आणि पुढच्या वळणाला लागली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. "अहो, तुमच्या मिसेसना ऐकू येत नाही का?"

मला कळलं. त्या अख्ख्या मैदानात फक्त मलाच कळलं. सतरा चव्वेचाळीस ऐकलं तेव्हा तिचा माझ्यावर विश्वास बसला होता, आणि आता ती उरलेले एकशे ऐंशी मीटर घ्यायला निघाली होती. रोज जेवढं पळत होती तेवढं सगळं. एक इंच न सोडता.

एकशे ऐंशी म्हणजे अर्ध्या फेरीला वीस मीटर कमी. मैदानाच्या पार पलीकडे. मी कुंपणावरून पाय टाकला, पँट कशात तरी अडकून टरकन फाटली, फाटू दे. साहेब "अहो, अहो" करत राहिले. आणि मी पळालो. मधल्या गवतातून तिरका, सत्तावन्न वर्षांचा माणूस, गळ्यातली टेप मागे उडतेय. विसाव्या पावलाला छातीत धाप आणि चाळिसाव्याला कुशीत कळ. तेव्हा मला समजलं की चौदा आठवडे बाकावर बसून मी हिला काय काय ओरडत होतो.

मी तिच्या आधी पोचलो. पट्टीच्या कडेला, अर्ध्या फेरीच्या खुणेपासून मोठी वीस पावलं अलीकडे मोजून उभा राहिलो आणि हात आडवा धरला. ती वळणावरून आली, मला बघितलं, आणि शेवटची दहा पावलं अशी आली की वाऱ्याने माझी टेप हलली. माझ्या हाताला छाती लावून थांबली.

दोघांनाही बोलता येईना. ती कमरेवर हात ठेवून वाकली होती, मी गुडघ्यांवर. न्हाव्याने बघितलं असतं तर जन्मभर पुरलं असतं त्याला. लांबून साहेब कागद हलवत येत होते.

"घ्या," ती धापा टाकत म्हणाली. "हे तुमचे दोन किलोमीटर."

"माप चुकलं होतं माझं," मी म्हणालो.

"हो." तिने माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. तिचं अंग तापलं होतं, घामाने भिजलं होतं, आणि छाती जोरजोरात वरखाली होत होती, दोन्ही फुफ्फुसांनी, पुरेपूर. वर्षापूर्वी याच छातीला कान लावून मी रात्री बसलेलो असायचो, श्वास चाललाय की नाही ते बघायला. आता तो पाच हात लांबूनही ऐकू आला असता. मी तिथे, भर मैदानात, साहेबांसमोर ढसाढसा रडलो, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. साहेब येऊन थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाई, सोमवारपासून टेकडीची बीट तुमची. पण तुम्ही पुढे का पळालात?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"यांनी मोजलं होतं," ती म्हणाली. "पुरं करायला नको?"